काकूंचा प्रश्न: देव तीन की एक?

पत्र

मावशी, सलाम.

मी मूळची मिरजेची. आजोबा मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. लग्नानंतर आम्ही सांगलीत विश्रामबागला भाड्याने राहतो. घरमालकीण काकू फार मायाळू आहेत. त्या दत्तभक्त, पौर्णिमा चुकवत नाहीत, औदुंबरला जाऊन येतात. परवा जिन्यात बसून मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "तुमचे देव नेमके किती गं? एकच म्हणता, आणि बाप, लेक, आत्मा अशी तीन नावं घेता." मी रविवारच्या शाळेत शिकवते, त्यामुळे पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला तोंडावरच होता. तो ऐकून काकू खूश होऊन म्हणाल्या, "मग आमचे दत्तगुरू तेच की!" मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. त्यात माझी १२ वर्षांची मुलगी शेजारीच बसलेली. ती म्हणाली, "मम्मी, मग गेथशेमाने बागेत येशू कोणाजवळ प्रार्थना करत होता? स्वतःजवळच?"

येत्या रविवारी त्रैक्य रविवार, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच या शिकवणीचा दिवस, आणि मुलांचा धडा माझ्याकडे आहे. आजीने पाठ करून घेतलेलं 'देव एक, व्यक्ती तीन' मला अजून घडाघडा येतं, पण पुढे कोणी काही विचारलं की माझी बोलती बंद. मिस्टर म्हणतात, भाड्याचा करार संपत आलाय, घरमालकिणीशी धर्माचा विषय नको. काय करू? आणि काकू औदुंबरहून आणलेले पेढे देतात, ते घ्यावेत का?

— नाव छापू नये, सांगली

उत्तर

सलाम. तुझ्या मुलीला आधी शाबासकी दे. तू एवढी वर्षं जो दाखला देत आलीस, त्यातली खोट तिने एका वाक्यात पकडली. बर्फ वाफेशी बोलत नाही. पातेल्यातल्या पाण्याची वाफ झाली की पाणी संपलं. कोणी फिजिक्सवाला सांगेल की ०.०१ अंश सेल्सिअसला, दाब अगदी कमी केला, तर तिन्ही एकत्र नांदतात. नांदेनात का! तरी एकमेकांवर प्रेम करत नाहीत.

मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात बघ. येशू यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतोय, आणि आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र. तिघेही एकाच वेळी हजर, आणि एकजण दुसऱ्याविषयी बोलतोय. पाण्याच्या दाखल्यात हे बसतच नाही. त्यात देव एकटाच असतो, आणि तो कधी पित्याचं सोंग घेतो, कधी पुत्राचं, कधी आत्म्याचं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये साबेल्लियस नावाचा शिक्षक साधारण असंच शिकवायचा, आणि मंडळीने ते तेव्हाच नाकारलं. म्हणजे मेथी निवडता निवडता तू काकूंना साबेल्लियसचा धडा दिलास. वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच दाखला चालत आलाय. 'एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा' हा त्याचाच भाऊ. बेलाच्या त्रिदळाचा दाखलाही एका उपदेशात ऐकलाय मी. पण बेलाची एक पाकळी म्हणजे पानाचा तिसरा हिस्सा, आणि पुत्र हा काही देवाचा तिसरा हिस्सा नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. त्रैक्य समजावायला दाखला शोधायलाच जाऊ नये. हा विचार कुठून आला, ते सांगावं. तो कोणा पंडिताने खोलीत बसून काढलेला नाही. लोक आधी एका विशिष्ट तऱ्हेने प्रार्थना करू लागले आणि मग आपण हे काय करतोय, याचा अर्थ लावायला त्यांना तीनशे वर्षं लागली.

पहिले ख्रिस्ती लोक यहुदी होते. परमेश्वर एकच आहे, हे ते रोज म्हणायचे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूनेही तेच वचन सांगितलं, मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे. मूर्तीपुढे किंवा कैसराच्या पुतळ्यापुढे मान तुकवण्यापेक्षा मरण पत्करणारी ही माणसं. आणि हीच माणसं क्रुसावर मेलेल्या एका सुताराचं नाव घेऊन प्रार्थना करू लागली, त्याला प्रभू म्हणू लागली. हे आपणच सांगतो असंही नाही. इसवी सन ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारलं होतं की या लोकांचं करायचं काय. त्यात त्याने नोंदवलंय की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती गातात. प्लिनीला त्यांच्याविषयी काडीचं प्रेम नव्हतं, ही माहिती त्याने विश्वास सोडून दिलेल्यांकडून काढली आणि तिची खात्री करायला दोन दासींचा छळ केला.

आता अडचण बघ. त्यांच्या हातात तीन गोष्टी होत्या, आणि एकही सोडवत नव्हती. देव एकच. येशू आणि पवित्र आत्मा यांच्यात त्यांना भेटला तो पूर्ण देव, त्याचा नोकर किंवा दूत नव्हे. आणि येशू म्हणजे पिता नव्हे, कारण तो पित्याशी बोलतो, त्याचं ऐकतो, त्याच्यापुढे रडतो. यातली कुठलीही एक सोडली की सगळं कसं सोपं होतं! तिसरी सोड, साबेल्लियस झाला. पहिली सोड, तीन देव झाले, म्हणजे काकूंना शंका आहे तेच.

दुसरी सोडली एरियसने. हा अलेक्झांड्रियाचा पाळक होता, आणि लोकांना आवडणारा होता. त्याचं म्हणणं असं की पुत्र सगळ्यांत थोर खरा, सृष्टीच्या आधीचाही खरा, पण निर्माण केलेला. तो नव्हता अशी एक वेळ होती. त्याने हे पद्यात बसवलं, त्यामुळे ते लोकांच्या तोंडी गेलं. ऐकायला किती सरळ वाटतं! देव वर, पुत्र त्याच्या खाली. पण मग क्रुसावर कोण मेलं? देवाने पाठवलेला कोणीतरी. देव स्वतः आला नाही, प्रतिनिधी पाठवून मोकळा झाला. पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेला अथनेशियस आयुष्यभर भांडला तो याच मुद्द्यावर. जो स्वतःच निर्माण झालेला आहे, तो निर्माण झालेल्या माणसाला देवाशी कसा जोडणार?

सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ साली निकिया गावी बिशपांची परिषद बोलावली. निकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक, आणि ते त्याच प्लिनीच्या बिथुनियात येतं. या परिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. पुत्र 'जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे' आणि पित्याशी एकतत्त्व आहे, हे शब्द तिथले. पण ठराव झाला म्हणून भांडण मिटलं असं कुठल्या सभेत झालंय? पुढचे सम्राट कधी या बाजूचे, कधी त्या बाजूचे. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. पवित्र आत्म्याविषयीची वाक्यं ३८१ साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत जोडली गेली. त्या शहराचं त्या काळातलं वर्णन निस्साचा बिशप ग्रेगरी याने केलंय. सराफाला मोडीचा भाव विचारा, तो तुम्हाला जन्मलेला आणि अजन्मा यावर प्रवचन देतो. पावाची किंमत विचारा, तर बेकरीवाला म्हणतो, पिता थोर आणि पुत्र त्याच्या खालचा. स्नानगृहात पाणी तापलंय का विचारा, उत्तर येतं की पुत्र शून्यातून निर्माण झाला. ग्रेगरी वैतागून लिहितो, पण मला ते वाचून बरं वाटतं. काकूंनी जिन्यात विचारलं, त्यात वावगं काय?

याच ग्रेगरीला अब्लाबियस नावाच्या माणसाने हुबेहूब काकूंचा प्रश्न घातला होता. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना आपण तीन माणसं म्हणतो, मग पिता, पुत्र आणि आत्मा यांना तीन देव का म्हणायचं नाही? ग्रेगरीने उत्तर दिलं ते असं. तीन माणसं एकच धंदा करत असली तरी प्रत्येकाचं काम वेगळं असतं. देवाचं तसं नाही. त्याचं प्रत्येक काम पित्यापासून निघतं, पुत्राच्या द्वारे होतं आणि आत्म्यात पुरं होतं, आणि ते काम एकच असतं. तीन इच्छा नाहीत, तीन बळं नाहीत. वेगळेपण आहे ते फक्त नात्यात. पिता तो पिता, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. (पश्चिमेकडच्या मंडळ्यांनी नंतर इथे 'आणि पुत्रापासून' असं जोडलं, पूर्वेकडच्यांनी ते आजतागायत मान्य केलेलं नाही. रविवारच्या शाळेत तू त्या वाटेला जाऊ नकोस.)

आता दत्तगुरू. काकूंनी ते प्रेमाने म्हटलं, हे विसरू नकोस. आपलं माणूस आपल्यासारखंच निघालं याचा आनंद होता त्यात. पण म्हणून हो म्हणायचं नाही, आणि नाक मुरडून नाही म्हणायचं, तेही नाही. ब्रह्मा, विष्णू आणि महेश हे तिघे अत्रि-अनसूयेच्या पोटी दत्तरूपाने एकत्र आले, अशी त्यांची श्रद्धा आहे. उत्पत्ती, स्थिती आणि लय ही तिघांची कामं वेगळी. आपल्याकडे तिघे एकत्र आलेले नाहीत, कारण ते कधी वेगळे नव्हतेच. कामांची वाटणीही नाही. जग निर्माण झालं तेव्हा आत्मा जलांवर होता, असं उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो, आणि सर्व काही शब्दाच्या म्हणजे पुत्राच्या द्वारे झालं, असं योहान सांगतो. तीन हा आकडा दोन्हीकडे आहे, एवढ्यावरून दोन्ही एक ठरवले तर काकूंच्या दत्तालाही न्याय मिळत नाही आणि आपल्या विश्वासालाही नाही. आपल्या देशातल्या विचाराचा धागा धरून हे सांगण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला तो ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली कॅथलिक विचारवंताचा. त्यांनी १८९८ साली त्रैक्यावर संस्कृत स्तोत्र लिहिलं, पण आधाराला त्रिमूर्ती घेतली नाही. सत्, चित् आणि आनंद हे घेतलं, म्हणजे असणं, जाणणं आणि आनंद, एकाच ब्रह्माचं स्वरूप. नीट बघितलंस तर त्यामागचं कारण तुझ्या लक्षात येईल.

हे सगळं काकूंना सांगू नकोस हं, मेथीची जुडी तशीच राहील.

काकूंना सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि मला विचारशील तर सगळ्या विषयाचा गाभाही तोच आहे. देव प्रीती आहे असं योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय. देव प्रीती करतो, एवढंच नाही. आता विचार कर, जग नव्हतं, माणूस नव्हता, देवदूत नव्हते, तेव्हा देव कोणावर प्रीती करत होता? तो अगदी एकटा असेल, तर प्रेम करायला त्याला आधी जग निर्माण करावं लागलं असतं. म्हणजे प्रेमासाठी तो आपल्यावर अवलंबून! योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. आपण त्रैक्य म्हणतो ते हेच. देवाच्या एकपणात आधीपासून प्रीती आहे, देणं आहे, घेणं आहे. जग त्याने गरज म्हणून केलं नाही, ओसंडलं म्हणून केलं.

तुझ्या मुलीचं उत्तरही इथेच आहे. गेथशेमानेत येशू स्वतःशी बोलत नव्हता. पुत्र पित्याशी बोलत होता, आणि तो खराखुरा माणूस झाला होता म्हणून घाबरलेल्या माणसासारखा बोलत होता. 'हा प्याला माझ्यापासून टळो' असं म्हणणारा माणूसही खरा आणि पुत्रही खरा. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे योहानातलं वाक्य कोणी पुस्तिका घेऊन दारात आलं आणि तुझ्यापुढे ठेवलं, तरी गोंधळू नकोस. दास होऊन खाली आलेल्या पुत्राचे ते शब्द आहेत. मुलीला एवढं सगळं एकदम देऊ नकोस, पहिली दोन वाक्यं पुरेत. आणि तिला जुन्या काळचा बिशप ऑगस्टीन याची ती गोष्ट तर मुळीच सांगू नकोस, समुद्रकाठी शिंपल्याने समुद्र खड्ड्यात भरणारा मुलगा त्याला म्हणतो की त्रैक्य डोक्यात मावणं याहून अवघड, ती. ऑगस्टीनच्या लिखाणात ती कुठेच नाही, मागाहून कोणीतरी रचलेली आहे. त्याने स्वतः त्रैक्यावर १५ खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात पानोपानी प्रश्न विचारले. मुलांची तोंडं बंद करायला त्याचंच नाव वापरायचं, हा चांगलाच न्याय आहे!

प्रश्न विचारणाऱ्यांत आपल्या घरचीच थोर माणसं आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्यावरूनच त्यांचं तिथल्या मठातल्या सिस्टर्सशी वाजलं. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यांनी या विषयावर लांबलचक पत्रं लिहिली. तुम्ही सांगता म्हणून मान्य करणार नाही, माझी बुद्धी आणि माझा विवेक मी कोणाकडे गहाण टाकलेला नाही, असा एकूण सूर. बीलबाई रागावल्या नाहीत, उत्तरं देत राहिल्या. तुला शिक्षक म्हणून काही घ्यायचं असेल तर ते बीलबाईंकडून घे. आणि आमच्या साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यांची भजनं तुझ्या मंडळीत म्हणतच असतील. हा माणूस ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारतो आणि त्याच दमात पित्याची स्तुती करतो. व्याख्या देत बसत नाही. आधी प्रार्थना आणि मागाहून व्याख्या, हा क्रम मी वर सांगितला तोच आहे.

तुझ्या आजीने पाठ करून घेतलेलं वाया गेलेलं नाही. मिरजेचं मिशन प्रेस्बिटेरियन, त्यांच्याकडे १६४७ सालची वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरं पाठ करायची पद्धत. त्यातल्या सहाव्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे, तीन व्यक्ती, तत्त्वाने एक, सामर्थ्याने आणि गौरवाने समान. ते वाक्य म्हणजे कुंपण आहे. शेतात काय पिकतं ते कुंपण सांगत नाही, एवढंच.

रविवारच्या धड्याचं म्हणशील तर फळा, त्रिकोण, तीन वर्तुळं यातलं काही नको. मत्तयातला यार्देनचा भाग मुलांना मोठ्याने वाचायला लाव. मग विचार, इथे कोण कोण आहे, कोण काय करतंय, कोण कोणाशी बोलतंय. मुलं बरोबर सांगतात. मग विचार, यात देव कोण? तिथे गोंधळ उडेल, उडू दे. थोडा वेळ भांडू देत. त्यानंतर उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून जे म्हणतात ते म्हणायला सांग: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता. हे करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आहे, म्हणजे निकियाच्या कितीतरी आधीचं. मोठ्या मुलांपैकी कोणी हुशारीने म्हणेल की त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाहीच. नाहीच आहे. लॅटिनमध्ये तो २००च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने वापरला. शब्द मागाहून आला, पण ज्याला तो दिला ते या आशीर्वादात आधीपासून होतं. आणि कोणी मरियेला तिघांत धरत असेल तर तेवढं मात्र लगेच दुरुस्त कर. मिरज-सांगलीत शेजारपाजारच्यांचा हा गैरसमज बऱ्याचदा असतो आणि आपली मुलं तो शाळेतून घेऊन येतात.

काकूंना पुढच्या वेळी साधं सांग: "काकू, परवा मी पाण्याचं सांगितलं ते बरोबर नव्हतं. देव एकच मानतो आम्ही. पण तो एकटा नाही. त्याच्यातच बाप आहे, लेक आहे आणि त्यांचा आत्मा आहे, आणि जग नव्हतं तेव्हापासून त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. दत्तगुरूंचं वेगळं आहे, ते तुम्ही मला सांगा." शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्या गुरुचरित्र वाचणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणार, आणि तू ऐकून घेतलंस म्हणून तुझा विश्वास झिजणार नाही.

मिस्टरांची काळजी मला पटते, भाड्याचं घर बदलणं सोपं नाही. पण विषय काकूंनी काढलाय. जिन्यात मेथी निवडायला बसवून घेणारी बाई भाडेकरू काढायच्या विचारात आहे, असं मला तरी वाटत नाही. कराराचं बोलणं मात्र मिस्टरांनी काकांशी वेगळं करावं, दोन्ही विषय एका बैठकीत नकोत.

राहिले पेढे. मूर्तीला वाहिलेलं खावं का, यावर पौलाने करिंथच्या मंडळीला चांगले तीन अध्याय लिहिलेत, पहिल्या पत्रातले आठ ते दहा. मिस्टरांना शेजारी बसवून ते सलग वाच, मधलं एखादं वचन उचलू नकोस, आणि मग मला लिही.